हिशेबाची नवी पद्धत आधी लिपिकांना पटवा

महोदय,

पालिकांसाठीची राष्ट्रीय लेखा नियमावली 2004 मध्ये आली, तरी तिच्यातली द्विनोंदी (प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा असा दोनदा नोंदवणारी) उपार्जित पद्धत अजून अनेकांना सल्लागाराचेच काम वाटते. रोखीच्या जमाखर्चात मार्चअखेर थकलेले ठेकेदाराचे बिल दिसतच नाही. उपार्जित पद्धतीत येणे-देणे पैसे हाती येण्या-जाण्याआधीच नोंदले जाते; म्हणून ते बिल देणे म्हणून, थकीत घरपट्टी येणे म्हणून आणि उजनी धरणाची जलवाहिनी घसाऱ्यासह (वापराने घटणाऱ्या किमतीसह) मालमत्ता म्हणून दिसते. (काहींना ही पद्धत नकोशी वाटते ती त्यामुळेच, असा माझा अंदाज!) सोलापूर, बार्शी, पंढरपुरात प्रशिक्षण म्हणजे नुसते भाषण नको. वसुली लिपिक, अभियंता, भांडारपाल यांना स्वतःच्या नोंदी करून पाहू द्या. काही महिने जुनी वहीही चालू ठेवा. नगरसेवकांना ताळेबंद सोप्या मराठीत द्या, अंदाजपत्रकाच्या सभेआधी.

– एक निवृत्त लेखापाल, सोलापूर