जुन्या सर्व्हरच्या डिस्क न पुसता परत द्या

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : संस्थेचा सर्व्हर व्हर्च्युअल मशीनवर नेताना झालेल्या नुकसानीबाबत

महोदय,

दापोली तालुक्यातल्या आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेचा जुना सर्व्हर व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे नव्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालणाऱ्या मशीनवर, नेण्याचे काम आपल्या कंपनीने घेतले. काम पूर्ण झाल्याचे आपल्या माणसांनी लिहून दिले आहे. आम्हाला ते मान्य नाही.

सर्व्हर बदलणे गरजेचेच होते. विंडोज सर्व्हर २००८ आर२ चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० नंतर थांबले, आणि खाऱ्या हवेने मशीनचा पत्रा गंजला होता. वीज गेली की ते पुन्हा सुरू होईल का, याची दर पावसाळ्यात धास्ती असे. म्हणूनच १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत काम उरकायचे ठरले होते. तेव्हा होड्या शाकारलेल्या असतात, डिझेलचे काउंटर शांत असते. आपली माणसे उगवली ती नारळी पौर्णिमा होऊन नौका समुद्रात गेल्यावर. 'सर्व्हर बंद करायला नको, चालू असतानाच डिस्कची प्रत निघते,' असे त्यांनी सांगितले.

प्रत निघते, पण ती सुरू केली त्या क्षणाची. सकाळी लावलेली प्रत संध्याकाळी पूर्ण झाली. मधल्या वेळात काउंटरवर झालेली प्रत्येक नोंद जुन्याच डिस्कवर राहिली. शेवटी नोंदी थांबवून डेटाबेसचा ताजा बॅकअप नव्या मशीनवर चढवायला हवा होता. तो चढवला नाही, ताळा पाहिला नाही, आणि नवे मशीन सुरू होताच जुना सर्व्हर 'बायबॅक'मध्ये, म्हणजे जुने मशीन परत घेण्याच्या सौद्यात, गाडीत घालून नेला. त्या दिवशी कोणत्या नौकेने किती डिझेल उचलले हे आता फक्त आपल्या गोदामातल्या डिस्कना माहीत आहे. डिझेलवरील कराचा परतावा याच नोंदींवर मिळतो. तो अडला तर भुर्दंड नौका चालवणाऱ्या तांडेलांना पडेल, आपल्याला नाही.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे लायसन्स यूएसबी डोंगलवर, म्हणजे संगणकाला लावायच्या छोट्या किल्लीवर, आहे. आपण वापरलेल्या हायपर-व्ही या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होस्टला, म्हणजे बाहेरच्या खऱ्या संगणकाला, लावलेला डोंगल आतल्या मशीनला थेट दिसत नाही. आमच्या लिपिक ताईंनी पाहणीच्या वेळीच तो इंजिनिअरच्या हातात दिला होता. नेटवर्कवरून यूएसबी जोडणारे उपकरण लागेल, हे तेव्हाच सांगायचे होते. आता त्याचे वेगळे दरपत्रक पाठवणे आम्हाला अजिबात पटलेले नाही. जुना आयपी, म्हणजे सर्व्हरचा नेटवर्कवरचा पत्ता, धरून बसलेली जुन्या नेटवर्क कार्डाची लपलेली नोंद काढण्याऐवजी नवाच आयपी देऊन गेल्याने काउंटरचे संगणकही सर्व्हर शोधत बसले. तो घोळ गावातल्या एका मुलाने निस्तरला, त्याचे पैसे आम्ही मागत नाही.

जुन्या डिस्क फॉरमॅट न करता, रेडमधला (अनेक डिस्क एकत्र चालवण्याच्या जोडणीतला) त्यांचा क्रम न बिघडवता परत आणाव्यात. राहिलेल्या नोंदी आमच्या लिपिकांसमोर काढून पावत्यांशी जुळवून द्याव्यात. डोंगलचे उपकरण आपल्या खर्चाने बसवावे. तोवर उरलेले बिल रोखून ठेवले आहे. दाद न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा ठराव संचालक मंडळाने केला आहे.

डिस्क पुसल्या गेल्या असतील तर तेही आजच स्पष्ट कळवा, म्हणजे नौका बंदरात येतील तशा तांडेलांकडच्या पावत्या गोळा करायला माणूस उभा करता येईल.

आपला,
सचिव