दुव्यांच्या चौकटीलाही संपादन हवे

मा. संपादक,
सादर नमस्कार.

अलीकडे पुरवण्यांमधून ‘नेटवर वाचण्यासारखे’ अशा धाटणीच्या चौकटी दिसू लागल्या आहेत. तंत्रज्ञान, संस्कृती आणि माणसामाणसांतले संबंध हा त्यांचा आवडता प्रांत. कल्पना चांगली आहे, पण बहुतेक ठिकाणी आठ-दहा मथळे आणि तेवढेच क्यूआर कोड एवढाच ऐवज असतो. शेजारच्या लेखावरून मुद्रितशोधकाची नजर फिरते, आकडे तपासले जातात. या चौकटीला मात्र कुणी विचारत नाही. म्हणून हे पत्र.

पहिली गोम अशी की दुवा (लिंक) देणाऱ्यानेच पुष्कळदा लेख वाचलेला नसतो. ट्विटरवर फिरणाऱ्या बातम्यांच्या दुव्यांचा अमेरिकी आणि फ्रेंच संशोधकांनी २०१६ मध्ये अभ्यास केला, तेव्हा ५९ टक्के दुव्यांवर एकदाही क्लिक झालेले नव्हते. मथळा बघून पुढे ढकलणे ग्रुपवर खपून जाते, वृत्तपत्राच्या नावाखाली खपू नये. शेवटच्या परिच्छेदापर्यंत न वाचलेला लेख यादीत घ्यायचा नाही, हा नियम पाळला तरी निम्मा कचरा गळतो. शेवटावर भर एवढ्यासाठी की कबुलीजबाब बहुधा तिथेच दडलेला असतो: पाहणीत माणसे मोजकीच होती, लेखक त्याच कंपनीचा सल्लागार आहे, किंवा मजकूरच प्रायोजित आहे.

लेख गोळा करण्यासाठी समाजमाध्यमांवर विसंबू नये. तिथे समोर येते ते आधीच गाजलेले, त्यामुळे सगळ्यांच्या याद्या एकाच छापाच्या होतात. जुने आरएसएस, म्हणजे संस्थळावर आलेल्या नव्या मजकुराची यादी (फीड) आपोआप आपल्याकडे आणणारी सोय, अजून व्यवस्थित चालते. गूगलने आपला फीड रीडर (अशा याद्या एकत्र दाखवणारी सेवा) १ जुलै २०१३ रोजी बंद केला तेव्हा आरएसएसच संपले असा अनेकांचा समज झाला. बंद पडले होते ते फक्त एक दुकान. वर्डप्रेस या संस्थळे चालवणाऱ्या प्रणालीवरच्या बहुतेक संस्थळांच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन रोमन लिपीत ‘फीड’ लिहिले की फीड उघडते. पन्नास-साठ स्रोत पुरेत. त्यातले दिवसाला तीस बातम्या ओतणारे एक-दोन स्रोत बाकीच्यांना गाडून टाकतात, त्यांना वेगळ्या फोल्डरमध्ये हलवावे. स्रोतांची यादी महिन्यातून एकदा ओपीएमएल फाइल (दुसऱ्या फीड रीडरमध्येही उघडणारी यादी) म्हणून स्वतःच्या संगणकावर उतरवावी. मोझिलाने ‘पॉकेट’ ही ‘नंतर वाचा’ सेवा जुलै २०२५ मध्ये बंद केली. अशा वेळी ज्याची यादी हाताशी असते त्याचे फार काही बिघडत नाही. प्रमाण म्हणाल तर आठवड्याच्या दोनशे मथळ्यांतून तीस उघडावेत, बारा पूर्ण वाचावेत, चार द्यावेत. दहा दिले की वाचक एकही उघडत नाही.

खरी मेहनत पुढे आहे. तंत्रज्ञान आणि माणसांतले संबंध या विषयावरचे लेख दोनच सुरांत येतात, एक गळा काढणारा आणि दुसरा आरती ओवाळणारा. दोन्हींच्या खिशात एखादा ‘अभ्यास’ असतो. तो अभ्यास मुळापर्यंत जाऊन पाहिल्याशिवाय लेख पुढे देऊ नये. माणसाचे लक्ष १२ सेकंदांवरून ८ सेकंदांवर आले, गोल्डफिशपेक्षाही कमी झाले, हे विधान घ्या. ते शेकडो लेखांत सापडते. माग काढत गेले की मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातील जाहिरात विभागाचा २०१५ चा अहवाल लागतो. तिथला आकडा आकडेवारी गोळा करणाऱ्या एका संस्थळावरून उचललेला, आणि त्या संस्थळामागे संशोधन सापडत नाही. हे वाक्य दिसले की तो लेख बाजूला ठेवावा, इतकी ही सोपी चाळणी आहे.

अभ्यास खरा असला तरी काम संपत नाही, त्याचा पुढचा भाग शोधावा लागतो. कार्नेगी मेलन विद्यापीठातील रॉबर्ट क्राउट आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ७३ घरांतल्या १६९ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. इंटरनेटचा वापर जास्त असलेल्यांत घरातला संवाद थोडा घटलेला आणि एकटेपणा थोडा वाढलेला दिसला. ती गाजली, अजूनही लेखांत डोकावते. त्याच संशोधकांनी त्याच लोकांकडे परत जाऊन २००२ मध्ये जे छापले ते मात्र फार थोड्यांना ठाऊक असते: ते दुष्परिणाम बव्हंशी विरून गेले होते. पहिल्या पाहणीवर बेतलेला लेख द्यायचा असेल तर दुसरी शेजारी हवीच. अशी जोडी लावणे हे मला संकलकाचे सर्वांत मोलाचे काम वाटते, कारण शोधयंत्र एका प्रश्नाला शंभर उत्तरे देईल, पण कोणते उत्तर कोणाला खोडते ते सांगेलच असे नाही.

उलट बाजूलाही हाच न्याय. एमी ऑर्बेन आणि अँड्रयू प्रझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची आकडेवारी तपासली. मुलांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकाचा जास्तीत जास्त ०.४ टक्का भाग डिजिटल वापराशी जोडता येतो, असे त्यांना आढळले. बटाटे खाण्याशी लागणारा संबंधही जवळपास तेवढाच निघाला, म्हणून मथळ्यांत बटाटेच बटाटे झाले. पण ही सरासरी आहे. ती एखाद्या विशिष्ट मुलाबद्दल काही सांगत नाही, आणि त्यात कारण कुठले व परिणाम कुठला हेही ठरत नाही. वाचकाला लेखाबरोबर एवढे सांगायला हवे.

ते सांगायची जागा म्हणजे दुव्याखालचे टिपण. ‘मोबाइलने नाती कशी पोखरली, यावर डोळ्यांत अंजन घालणारा लेख, जरूर वाचा’ हे टिपण नव्हे, ढोल बडवणे आहे. त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘स्क्रीनवेळ आणि किशोरांचे मनःस्वास्थ्य यांचा संबंध क्षीण आहे, असे मांडणारा लेख. आधार मोठ्या सर्वेक्षणांचा, पण वापर बहुतांशी मुलांनी स्वतः सांगितलेला, यंत्राने मोजलेला नव्हे. आकडेवारीचा मधला भाग जड. २० मिनिटे.’ दावा काय, आधार कशाचा, उणे काय, वेळ किती. पस्तीस-चाळीस शब्दांत बसते. वेळ काढायला शब्दसंख्येला २०० ने भागावे. लेख सशुल्क असेल तर तेही आधीच सांगावे. पैसे मागणाऱ्या पडद्यावर वाचक एकदा आपटला की पुढच्या आठवड्यात फिरकत नाही.

आता दुव्याविषयी. पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर ‘यूटीएम’ किंवा ‘एफबीक्लिड’ने सुरू होणारी शेपटी असते, ती वाचक कुठून आला याची नोंद ठेवण्यासाठी, ती निर्धास्त कापावी. मात्र प्रश्नचिन्हापुढचे सगळेच उडवू नये. काही संस्थळांवर लेखाचा क्रमांकच तिथे असतो, तो कापला की वाचक थेट मुखपृष्ठावर जाऊन पडतो. कापलेला पत्ता ब्राउझरच्या नव्या खासगी (इन्कॉग्निटो) खिडकीत उघडून पाहावा.

मराठी मजकुराची आणखी एक खास डोकेदुखी आहे. ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशा पाच चिन्हांचा. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांनी लिहिला जातो. म्हणजे एका शब्दाची ४५ अक्षरे! सहा-सात शब्दांचा मराठी मथळा पत्त्यात आला की तीनशेचा पल्ला सहज गाठतो. मधल्या दर्जाची चूक-दुरुस्ती (कोडचा काही भाग खराब झाला तरी तो वाचता यावा, अशी सोय) ठेवली तर ४० अक्षरांचा पत्ता २९ बाय २९ चौकोनांच्या क्यूआर कोडमध्ये मावतो. ३०० अक्षरांना ६९ बाय ६९ लागतात. कोड दोन सेंटिमीटर रुंद छापला तर पहिल्यात एक चौकोन सुमारे ०.७ मिलिमीटरचा, दुसऱ्यात ०.३ मिलिमीटरचाही नाही. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई फुटते आणि ते बारीक ठिपके एकमेकांत मिसळतात. मग वाचक फोन मागेपुढे करत बसतो आणि दोष स्वतःच्या कॅमेऱ्याला देतो.

उपाय आहे. वर्डप्रेसच्या संस्थळांवर लेखाचा क्रमांकाचा छोटा पत्ता सहसा चालतो, तो वापरावा. नाहीतर वृत्तपत्राने स्वतःच्याच नावाखाली छोटे पत्ते करावेत. फुकटात पत्ता आखडून देणाऱ्या सेवांवर भिस्त ठेवू नये. त्या बंद झाल्या की जुन्या सगळ्या चौकटी एका रात्रीत मुक्या होतात. ‘डायनॅमिक’ क्यूआरची गतही तीच, कारण तो आधी मधल्या सेवेकडे जातो. पत्ता थेट आत असलेला ‘स्टॅटिक’ कोडच घ्यावा. भोवती चार चौकोनांएवढी कोरी पट्टी सोडावी. मांडणी करताना जागा वाचवायला नेमकी तीच कापली जाते.

लेख नाहीसे होण्याचा वेगही लक्षात घ्यायला हवा. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत, २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी सापडली नाहीत. छापण्याच्या दिवशीच प्रत्येक पान वेबॅक मशीनमध्ये (नेटवरच्या पानांच्या प्रती साठवणाऱ्या संग्रहात) जतन करून त्या प्रतीचा पत्ता नोंदवून ठेवावा, आणि तीन महिन्यांनी जुने दुवे एकदा उघडून पाहावेत. पान मेलेले असते तेव्हा ‘सापडले नाही’ असे दिसेलच असे नाही. कधी त्या पत्त्यावर भलतीच जाहिरात थाटलेली असते, म्हणून तपासणी डोळ्यांनीच हवी.

कोड चालो न चालो, प्रत्येक नोंदीत लेखाचे पूर्ण शीर्षक, लेखक, प्रकाशन आणि तारीख छापावी, म्हणजे वाचक शोधून काढू शकतो. तारीख मूळ प्रकाशनाची हवी. पानावर ठळक दिसते ती कधी कधी नुसत्या दुरुस्तीची असते. चौकटीखाली निवड करणाऱ्याचे नाव आणि एक ईमेल पत्ता द्यावा. या लेखाला उत्तर देणारा दुसरा लेख अमुक ठिकाणी आहे, असे कळवणारे वाचक असतात. त्यांनी सुचवलेला लेख पुढच्या चौकटीत त्यांच्या नावासह यावा. जागा कमी पडत असेल तर चारऐवजी दोनच दुवे द्या, टिपणे कापू नका.

आपला,
एक वाचक आणि संकलक