पावसाला कसली लाज?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर पावसानं धुऊन नेलेल्या एका क्रिकेट सामन्याची बातमी होती. 'असा पाऊस येणं लाजिरवाणं आहे,' असं पाहुण्या संघाचा कर्णधार म्हणाल्याचं तिच्यात छापलंय. पावसाला कसली लाज? तो इंग्रजीत 'इट्स अ शेम' म्हणाला असणार, हे 31 वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलेल्या बाईला कुणी सांगायला नको. एरवी हसून पान उलटलं असतं. पण याच शब्दापायी आमच्या घरात दीड महिना अबोला झाला होता, म्हणून लिहायला बसले.

माझे थोरले बंधू जुने पैलवान. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. त्यांचा नातू तालमीत जातो. आठ वर्षं दादांनी स्वतः बदाम वाटून त्याला थंडाई पाजली. यंदा जत्रेच्या मैदानाला चार दिवस उरले असताना सरावात समोरच्यानं पट काढला, पोराचा पाय मातीत अडकला आणि गुडघा फिरला. लिगामेंट गेलं. मांडीपासून घोट्यापर्यंत निळा पट्टा, त्याच्या कडेनं अजून लाल माती चिकटलेली, असा फोटो घरच्या ग्रुपवर आला. आमची भाची लग्नानंतर इंग्लंडात लेस्टरला असते. कामावर निघता निघता तिनं लिहिलं, 'ओह नो, व्हॉट अ शेम!'

दादांनी शेजारच्या दहावीतल्या पोराला अर्थ विचारला. त्यानं मोबाइलवर बोट मारून वाचून दाखवलं, 'काय लाजिरवाणी गोष्ट!'

''पोराचा गुडघा गेला, आणि हिला आमची लाज वाटाय लागली व्हय?'' झालं. त्या दिवसापासून दादा तिचा फोन घेईनात. तिचा मला रडत फोन, ''मावशी, मी काय वाईट बोललो गं?'' (आमच्याकडे बायकाही 'बोललो', 'आलो' म्हणतात. पुणेकर वाचकांनी पेन्सिल खाली ठेवावी.)

सगळी करामत त्या एवढ्याशा 'अ'ची. नुसता 'शेम' म्हणजे लाज, शरम, नामुष्की. 'शेम ऑन यू' म्हणजे लाज वाटू दे जरा. पण 'व्हॉट अ शेम' म्हणजे अरेरे, फार वाईट झालं. त्यात दोष कुणाचाच नसतो, असते ती हळहळ. लग्नाच्या दिवशी पाऊस आला, नाटकाची तिकिटं संपली, पोराचा गुडघा गेला, तिन्ही ठिकाणी हेच तीन शब्द चालतात. बोलण्याचा सूर आणि प्रसंग पाहून क्वचित 'इट्स अ शेम'मध्येही धिक्कार असतो, नाही असं नाही. पण पावसाचा धिक्कार कोण करील? दक्षिण आफ्रिकेतल्या इंग्रजीत तर गोंडस तान्हं बाळ बघूनही कौतुकानं 'शेम' म्हणतात. दादांना हे अजून सांगितलेलं नाही.

आपल्या कानाला मात्र या शब्दात रागावणंच ऐकू येतं, आणि त्याला कारण आहे. आंघोळीनंतर उघडंच पळालेल्या पोराला आपण 'शेम शेम, पपी शेम' म्हणतो. तिथून पुढे हा शब्द भेटतो तो सभागृहातल्या गोंधळात, 'शेम शेम'च्या घोषणेत. ती आरोळी ब्रिटिश पार्लमेंटातली; तिथल्या कामकाजाच्या जुन्या नोंदींत ती जागोजागी सापडते. हळहळीचा 'शेम' आपल्याकडे कुणी आणलाच नाही.

शाळेत तर या शब्दानं मला फार हसवलंय. एका मुलानं खिडकीची काच फोडली आणि माफीच्या चिठ्ठीत लिहिलं, 'आय ॲम व्हेरी शेमफुल.' म्हणजे मी अत्यंत लांच्छनास्पद आहे! बिचाऱ्याला 'अशेम्ड' म्हणायचं होतं. कृत्य शेमफुल, करणारा अशेम्ड, आणि काच फोडून हसत उभा राहिला तर शेमलेस. ती चिठ्ठी मी अजून ठेवलीय. 'फुल' आणि 'लेस' एकमेकांच्या उलट, तरी इथं दोन्ही शिव्याच कशा, असं त्याच वर्गातल्या एका मुलीनं विचारलं होतं. मी म्हटलं, आपलं लाजिरवाणा आणि निलाजरा तरी वेगळं काय आहे?

एका बाबतीत मात्र दोन्ही भाषा अगदी शेजारणी आहेत. एखाद्यानं दुसऱ्याला 'पुट टु शेम' केलं, म्हणजे त्याला फिकं पाडलं. आपण म्हणतोच की, 'तरुणांना लाजवेल असा उत्साह'. हे वाक्य आपल्या दैनिकात पंचाहत्तरीच्या प्रत्येक बातमीत असतं, आणि त्यात लाज कुणालाच वाटत नाही.

चूक इंग्रजांच्या हातूनही झालेली आहे. त्यांचा 'शेमफेस्ड' हा मुळात 'शेमफास्ट'. हा 'फास्ट' वेगाचा नव्हे, घट्ट बांधलेला. लाजेनं बांधलेला, म्हणजे मर्यादशील. 1611 च्या इंग्रजी बायबलात, बायकांनी कसं राहावं हे सांगताना (तिथंही तेच!), हे जुनंच रूप आहे. पुढे लोकांना तो 'फास्ट' उमगेना, लाजलेला चेहरा तर समोर दिसत होता, म्हणून 'फेस' झाला. त्यामुळे दहावीच्या पोराला मी दोष देत नाही. वर्तमानपत्राच्या टेबलावर मात्र मोबाइलशिवाय एखादा माणूसही असतो, अशी माझी समजूत आहे. हळहळ, चुटपुट, रुखरुख, 'वाईट वाटलं' असे इतके शब्द हाताशी असताना कर्णधाराच्या तोंडी लाज कशाला घालायची?

दादांना मी हे सगळं त्यांच्याच उंबऱ्यावर बसून दोनदा समजावलं. दुसऱ्या वेळी म्हणाले, ''मग सरळ 'वाईट झालं' म्हणायचं की.'' आणि रात्री भाचीला आपणहून फोन लावला. परवा मी गेले तेव्हा दूध उतू जाऊन गॅस विझला होता. दादा खुर्चीतूनच म्हणाले, ''व्हाटं शेम!'' उच्चाराचं सोडा, पण तेवढ्या दुधाला तो शब्द बरोबर होता.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर