न पाहिलेल्या इमारतीविषयी

नौपाडा, ठाणे (प.)
गुरुवार

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू बोलता बोलता फोन ठेवलास, त्याचा राग धरून हे पत्र लिहीत नाही. फोनवर आपल्या दोघींचाही आवाज चढतो आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो, म्हणून कागद पुढे ओढला. तू मला दोन गोष्टी विचारल्या होत्यास. वाशीच्या तुझ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगच्या कार्यालयाचे बस्तान बसत आले आहे, तर आता वर्तमानपत्रांतून नाव यावे यासाठी काय करावे, ही एक. आणि ती प्रसिद्धी करून देणारी संस्था महिन्याला पंचेचाळीस हजार रुपये मागते आहे, ते द्यावेत का, ही दुसरी. त्याच दोन प्रश्नांची उत्तरे द्यायची आणि मंगळवारच्या वाहिनीवरच्या चर्चेविषयी अवाक्षर काढायचे नाही, असे ठरवून बसले आहे.

संस्थेचे आधी. पैसे देऊ नकोस, निदान आत्ता तरी नको. त्यांनी तुला पाठवलेल्या यादीत मुलाखत, विशेष लेख आणि पुरस्कार अशा तिन्हींचे दर वेगवेगळे लावलेले आहेत. ज्या पुरस्काराला दर आहे तो कुणाला मिळतो हे तुझ्यासारख्या शहाण्या मुलीला सांगायला नको. जाहिरात ही बातमीपासून वेगळी ओळखू यावी असे प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत स्पष्ट म्हटलेले आहे आणि २०१० मध्ये पेड न्यूजवर कौन्सिलने अहवालही दिला, तरी पुरवण्यांच्या पानांवर काय काय चालते ते मी वर्तमानपत्रात इतकी वर्षे काढताना डोळ्यांनी पाहिले आहे. जाहिरात करायची असेल तर राजरोस चौकट विकत घे आणि वर ‘जाहिरात’ असे छापून येऊ दे, त्यात काही कमीपणा नाही. वकिलांना बार कौन्सिलचे नियम जाहिरात करू देत नाहीत, डॉक्टरांनाही त्यांच्या परिषदेचे नियम आडवे येतात. नंदूमामाने दवाखान्याच्या पाटीवरून किती घोळ घातला होता ते आठवत असेलच. तुमच्या व्यवसायात तसा कुणाचा धाक नाही, त्यामुळे कुठे थांबायचे ते तुझे तुलाच ठरवावे लागेल. एखादी संस्था प्रामाणिकपणे बातमीदारांपर्यंत कागद पोहोचवते आणि त्या कामाचे पैसे घेते, हेही मला मान्य आहे. पण ठाणे आणि नवी मुंबईचे बातमीदार असे कितीसे आहेत? त्यांना तूच फोन कर. दुपारी बारा-एकच्या सुमारास कर. संध्याकाळी पाने लागायला घेतली की कुणाला बोलायला सवड नसते, आणि त्या वेळी केलेल्या गोड फोनचाही राग येतो.

तुझे नाव कुणी वाचायला हवे, याचा विचार तू केला आहेस असे मला वाटत नाही. तुला काम देणार तो सोसायटीचा सेक्रेटरी, बहुधा बँकेतून निवृत्त झालेला, सकाळी चहाबरोबर जिल्ह्याचे पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा. त्याला दिल्लीच्या वाहिनीवरची चर्चा लक्षात राहत नाही. जिल्ह्याच्या पानावरचे दोन कॉलम मात्र तो कात्रीने कापून खालच्या काचेच्या फलकात लावतो आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत खिशातून काढतो. ठाण्यात १८६६ साली ‘अरुणोदय’ हे वृत्तपत्र निघत होते. या गावाला आपले छापलेले वाचायची सवय मुंबईच्या कृपेने लागलेली नाही, म्हणून जिल्हा पानाला दुय्यम समजू नकोस.

दुसरे, वेळ साधणे. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक इमारतींच्या याद्या काढतात आणि वर्तमानपत्रे त्या जशाच्या तशा छापतात: सी-१ इतक्या, सी-२ए इतक्या, सी-२बी इतक्या, सी-३ इतक्या. त्या अक्षरांचा अर्थ त्या घरात राहणाऱ्याला कुणी सांगत नाही. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी म्हणजे माणसे आत राहूनही दुरुस्ती होऊ शकते आणि सी-३ म्हणजे किरकोळ काम, एवढे चार ओळींत लिहून दिलेस तरी बातमीदार तुझा नंबर जपून ठेवील. ३० वर्षांपुढच्या इमारतींची तपासणी सक्तीची करणारे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातले कलम २६५-अ तर बहुतेकांना ठाऊकच नसते. वाशीतल्या सिडकोच्या कितीतरी इमारती ३० वर्षांच्या पुढे गेल्या आहेत आणि महापालिकेकडे नोंदणी असलेल्या अभियंत्याकडून तपासणी करून घेणे ही राहणाऱ्यांचीच जबाबदारी आहे, हे त्यांना नोटीस दारावर लागल्यावर कळते. हा मजकूर एप्रिलमध्ये तयार ठेव. जुलैत पाठवलास तर तो शिळा होतो.

तिसरे म्हणजे छायाचित्र. हातात हेल्मेट घेऊन, मागे क्रेन, असा फोटो पाठवू नकोस. तसे फोटो आमच्याकडे गठ्ठ्याने येत. मागच्या दिवाळीत तू आपल्या गॅलरीच्या छज्ज्याखालचा काँक्रीटचा सैल तुकडा काढलास, तो तिथल्या तिथे फोडलास आणि ताज्या तुटलेल्या बाजूवर त्या फिनॉल्फ्थॅलीन नावाच्या रसायनाचा फवारा मारलास, ते मला अजून दिसते. आतला भाग गुलाबी झाला, जास्वंदीपेक्षा गडद, आणि बाहेरची बोटभर कड राखाडीची राखाडीच राहिली. तू पट्टी लावून ती कड मोजलीस आणि सांगितलेस की हवेतला कार्बन डायऑक्साइड इथवर शिरला, इथवरचे काँक्रीट आता सळईला गंजापासून वाचवणार नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून तो आतून काँक्रीट फोडतो. आणि खाडीच्या खाऱ्या हवेने आपल्याकडे हे लवकर घडते. समोरच्या काकू पोळ्या टाकून बघायला आल्या होत्या. त्यांना तुझे सगळे कळले, मलाही कळले. मनू, ती खरी बातमी होती, आणि ते छायाचित्र कोणत्याही उपसंपादकाने पानावर वर घेतले असते.

प्रेसनोट एका पानाची असावी. पहिल्याच परिच्छेदात काय, कुठे, केव्हा आणि वाचणाऱ्याचा त्याच्याशी संबंध काय ते यावे. स्वतःविषयीचा मजकूर शेवटी, कारण जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतो, आणि कापला जायचा तर तोच जावा. विशेषणे सगळी काढ. आकडे दोनदा वाच, दुसऱ्यांदा मोठ्याने. लहानपणी मी पुरवणीची प्रुफे घरी आणत असे तेव्हा तू मूळ प्रत धरून वाचायला बसायचीस. स्वल्पविराम, पूर्णविराम, कंसाची सुरुवात, कंस बंद, असे सगळे गंभीरपणे उच्चारत तू निविदा सूचनासुद्धा वाचल्या आहेस. बाबा स्वयंपाकघरातून विचारायचे, कंस बंद झाला असेल तर जेवायला वाढू का. त्या मुलीच्या हातून चुकीचा आकडा जाणार नाही याची मला खात्री होती. अजूनही आहे.

म्हणूनच मंगळवारी मला इतके लागले. लिहायचे नाही म्हटले होते, पण लेखणी तिकडेच वळते. एका इमारतीचा स्लॅब संध्याकाळी पडला आणि नऊ वाजता तू पडद्यावर होतीस. निवेदकाने विचारले, बिल्डर दोषी का, आणि तू म्हणालीस, साहित्य निकृष्टच वापरलेले असणार. तू ती इमारत पाहिली नव्हतीस. खाली पट्टी फिरू लागली, तज्ज्ञांचा बिल्डरवर ठपका. ती पट्टी तू लिहिली नव्हतीस हे मला कळते, पण तिच्या वर चेहरा तुझा होता.

४ ऑगस्ट २०१५ ला आपल्या बी-केबिनजवळची कृष्णा निवास मध्यरात्रीनंतर कोसळली आणि १२ माणसे गेली, तेव्हा तू शेवटच्या वर्षाला होतीस. सकाळी नाक्यावर मला निरनिराळी कारणे ऐकू आली, आणि ती सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या इमारतीत कधी पाऊलही टाकले नव्हते. ती इमारत जुनी होती. त्याआधी ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याच्या लकी कंपाउंडमध्ये ७४ माणसे गेली, ती इमारत मात्र नवीकोरी, बेकायदा आणि अजून बांधून व्हायची होती. वय कळले म्हणजे कारण कळले असे होत नाही, हे तूच मला शिकवले आहेस. गच्चीवर एकावर एक चढवलेले वॉटरप्रूफिंगचे थर, तळमजल्याच्या गाळ्यात कुणी कापलेला कॉलम, संडासाचे वर्षानुवर्षे झिरपणारे पाणी, यांतले काय होते ते काँक्रीटचा कठीणपणा तपासणारा रीबाउंड हॅमर लावल्याशिवाय, कोअर म्हणजे काँक्रीटचा नमुना काढल्याशिवाय तू एखाद्या सोसायटीला तरी सांगशील का? मग लाखो लोकांना कसे सांगितलेस? अहवालाखाली सही करताना जी मुलगी रात्र रात्र झोपत नाही, तिने चर्चेत अर्ध्या मिनिटात—

असो. हे भाषण झाले, आणि परवाही ते ऐकूनच तू फोन ठेवलास. माफ कर. तुला कुणी शिकवावे अशी तू राहिलेली नाहीस.

चर्चेला जाऊच नकोस, असे मी म्हणत नाही. तुमच्या क्षेत्रातले खरे जाणकार गप्प बसतात आणि ज्याला काही येत नाही तो वाहिन्यांवर बोलतो, हेही मी पाहिले आहे. जाण्यापूर्वी विचार की चर्चा थेट आहे की आधी चित्रित होणार आहे, समोर आणखी कोण आहे आणि पहिला प्रश्न कोणता आहे. बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरची छोटी प्रतिक्रिया, देताना एका वाक्यात एक पूर्ण गोष्ट सांग, म्हणजे अर्धे कापून उलटा अर्थ निघणार नाही. आणि सुरुवातीलाच म्हण, ही इमारत मी पाहिलेली नाही; या वयाच्या आणि खाडीकाठच्या इमारतींत आम्हाला सामान्यतः काय आढळते ते सांगते. निवेदक कंटाळेल, पुढच्या वेळी कदाचित बोलावणारही नाही. पण तपास समितीला जेव्हा अभियंता लागेल तेव्हा त्यांना तेच वाक्य आठवेल.

छापील मुलाखतीतही हेच पथ्य. लेख आधी दाखवा असा आग्रह धरू नकोस, कोणताही स्वाभिमानी बातमीदार तो मानणार नाही. पण तांत्रिक आकडे आणि कलमे तेवढी वाचून दाखवा, असे म्हणालीस तर बहुतेक जण आनंदाने दाखवतात. सोसायटीचे नाव कमिटीच्या लेखी परवानगीशिवाय कधीही देऊ नकोस. एका बातमीने तिथल्या फ्लॅटचे व्यवहार अडतात, बँका कर्जाला हात आखडतात. आणि तुझे पैसे कोण देतो, हे विचारायच्या आधी सांगून टाक. पुनर्विकासासाठी बिल्डरच चांगली इमारत सी-१ मध्ये ढकलून घेतात, असा संशय वाशीपासून घोडबंदरपर्यंत प्रत्येक सोसायटीत आहे आणि तो प्रत्येक वेळी खोटा असतो असेही नाही. ज्या अभियंतीच्या प्रत्येक मुलाखतीत ‘या प्रकल्पात माझा आर्थिक संबंध नाही’ किंवा ‘आहे, आणि तो असा आहे’ हे वाक्य असेल, तिच्याकडे भांडणारे दोन्ही पक्ष येतील.

खरे सांगायचे तर मंगळवारी पहिली काही मिनिटे मी काहीच ऐकत नव्हते, फक्त पाहत होते. नावाखाली ‘स्ट्रक्चरल इंजिनिअर, नवी मुंबई’ असे आले तेव्हा मी शेजारी जाऊन दार वाजवले आणि त्यांना वाहिनी लावायला सांगितली. बाबा असते तर त्यांनी आवाज इतका मोठा केला असता की खालच्या मजल्यावरून तक्रार आली असती. पण कळव्याच्या कामाच्या वेळी बाबांना काय सोसावे लागले ते तू लहान असल्यामुळे तुला अर्धेच माहीत आहे, आणि बाबांनी तर स्वतः मोजलेल्या गोष्टीविषयी तोंड उघडले होते. हातात मोजमाप होते म्हणून ते उभे राहू शकले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. कोर्टात तू काय दाखवणार? चाचणीचा कागद असेल तर मी तुझ्या शेजारी बाकावर येऊन बसेन, कितीही तारखा पडू देत. पाहा, पुन्हा तिथेच आले.

एप्रिलच्या प्रेसनोटचा मसुदा लिहिलास की पाठव. व्हॉट्सअॅपवर नको, छापून पाठव. पडद्यावर मला समासात खुणा करता येत नाहीत. छज्ज्याचे काम कधी काढायचे तेही लिही, म्हणजे समोरच्या काकूंना कुंड्या हलवायला सांगते.

तुझी,
आई

ता. क. चर्चेनंतर त्या बिल्डरच्या माणसाचा तुला फोन आला होता का? फोनवर मी विचारले तेव्हा तू विषय बदललास. एवढे मात्र कळव.