बाबांचा पेसमेकर आणि मावशीने पाठवलेला मसाजर

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
सादर नमस्कार.

काल आईशी बोलताना समजले की, बाबांच्या पोटऱ्या दुखतात म्हणून मावशीने पायांचा मसाजर पाठवला आहे आणि त्याच खोक्यात मानेखाली ठेवायची थरथरणारी उशी आणि अंगाला चिकटवायच्या दोन पट्ट्याही आल्या आहेत. फोनवर सांगितलेले अर्धे राहून जाते, म्हणून सविस्तर लिहिते आहे. यंत्र लावून देणारा हात बहुतेक वेळा आईचाच असणार, तेव्हा पत्र दोघांनीही वाचावे.

या तिन्ही वस्तू एकाच खोक्यातून आल्या असल्या, तरी पेसमेकरच्या दृष्टीने त्या अगदी निराळ्या आहेत. सर्वांत आधी त्या पट्ट्या बाजूला ठेवा. त्या थरथरत नाहीत, त्यांतून शरीरात विजेचा सौम्य प्रवाह सोडला जातो. बाबा, तुमचा पेसमेकर हृदयातून येणारे अवघ्या काही मिलिव्होल्टचे संकेत सतत टिपत असतो. हृदयाचा स्वतःचा ठोका पडला की तो गप्प बसतो आणि ठोका चुकला की स्वतः देतो. बाहेरून आलेला प्रवाह त्याला हृदयाचाच ठोका वाटला, तर जिथे द्यायला हवा तिथेही तो ठोका देणार नाही आणि तुमच्यासारख्या हार्ट ब्लॉक (म्हणजे हृदयातले विजेचे संकेत वाटेत अडण्याचा त्रास) असलेल्या माणसाला क्षणात चक्कर येऊ शकते. म्हणून कार्डिऑलॉजिस्टनी स्वतः सांगितल्याखेरीज त्या पट्ट्या पायालासुद्धा लावायच्या नाहीत. पायांच्या मसाजरमध्येही काही प्रकार असे असतात की, ज्यांच्या तळव्याच्या जागेतून वीज सोडली जाते. तेव्हा खोक्यावरचा मजकूर आधी नीट वाचून घ्या.

पायांचा मसाजर फक्त मोटरने थरथरणारा असेल, तर त्याची मला फारशी भीती वाटत नाही. मोटरमध्ये चुंबक असते आणि तिच्याभोवती विद्युतचुंबकीय क्षेत्र तयार होते, परंतु ते अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होते. हातात धरायच्या मसाजरसारखी उपकरणे पेसमेकरपासून निदान सहा इंच, म्हणजे १५ सेंटिमीटर दूर ठेवावीत, असे पेसमेकर बनवणाऱ्या कंपन्या सांगतात. आपण सरळ वीतभर अंतर धरू, म्हणजे थोडे जास्तच होईल. जमिनीवर ठेवलेले यंत्र छातीपासून त्याहून कितीतरी लांब राहते. मात्र ते चालू असताना उचलून मांडीवर किंवा छातीशी धरू नका.

मानेच्या उशीला मात्र माझा स्पष्ट नकार आहे. पेसमेकर डाव्या कॉलरबोनच्या खालीच आहे आणि उशी जरा सरकली तरी वीतभर अंतर उरत नाही. चुंबक फार जवळ आले, तर पेसमेकर हृदयाचे संकेत न पाहता ठरावीक गतीने ठोके देऊ लागतो; चुंबक दूर केले की तो पूर्ववत होतो, पण तशी वेळ येऊच कशाला द्यायची? दुसरी गोष्ट खास थरथरण्याची आहे. अनेक पेसमेकरमध्ये शरीराची हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. जिना चढताना ठोके वाढावेत यासाठी तो बसवलेला असतो. छातीजवळच्या थरथरीला तो चालणे समजू शकतो आणि माणूस पडून असतानाही नाडी वाढते. खड्ड्यांच्या रस्त्यावरून रिक्षाने जातानाही काहींना धडधड जाणवते, त्यामागे हेच कारण असू शकते. बाबांच्या पेसमेकरमध्ये हा सेन्सर चालू आहे का, हे पुढच्या तपासणीत विचारून घ्या.

आणखी एक. आपल्या बैठकीतल्या जुन्या प्लगला अर्थिंग आहे की नाही, याची खात्री नाही. सदोष उपकरणातून झिरपणारी वीज पेसमेकरला गोंधळात टाकू शकते, म्हणून तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये खोचून काहीही चालवू नका. आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या.

आई, बाबांची रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे, त्यामुळे जोराच्या मसाजने नीळ पडते. वेग सर्वांत कमी ठेव आणि दहा मिनिटांत यंत्र बंद कर. एकाच पायाची पोटरी सुजली, लाल झाली किंवा गरम लागली, तर ती हातानेही चोळू नकोस. तिथे गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. आणि चालताना पोटरी दुखते व उभे राहिले की दुखणे थांबते, असे होत असेल, तर तो रक्तपुरवठ्याचा प्रश्न असू शकतो, मसाजचा नव्हे. हे दुखणे नेमके कसले आहे, हे अजून कोणी तपासलेले नाही, याचीच मला जास्त काळजी वाटते.

मसाज चालू असताना चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा धडधड जाणवली, तर यंत्र लगेच बंद करून दूर सारा. शुद्ध हरपली, तर थेट इस्पितळ गाठा आणि पेसमेकरचे कार्ड बरोबर न्या. बाबांची मान आखडली, तर आईने हाताने तेल लावले तरी चालेल. फक्त पेसमेकरच्या उंचवट्यावर दाब द्यायचा नाही की तो चोळायचा नाही.

मसाजरच्या तळाशी असलेल्या लेबलचा आणि माहितीपत्रकातील सूचनांचा फोटो मला पाठवा. मी तो डॉक्टरांना दाखवून कळवते. त्यांचा होकार येईपर्यंत खोके बंदच राहू द्या. मावशीशी मी बोलेन, तिला वाईट वाटणार नाही.

तुमची लेक