तात्यांनू, पैसे घेतले नाहीत तर निदान आभार तरी घ्या

तात्या आणि काकी,

तोंडावर आभार मानले असते तर तात्या तुम्ही नेहमीसारखा विषय सुपारीच्या भावावर नेला असता आणि काकी "गप ऱ्हव गो" म्हणून चहा ठेवायला आत निघून गेली असती, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय, आता पळून दाखवा. नातवाला सांगून ठेवलंय मोठ्याने वाचून दाखवायला, मधले परिच्छेद गाळायचे नाहीत म्हणून पण सांगितलंय.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडं. तात्या आणि काकी आमचे गावातले, आणि हे पत्र त्यांच्या मदतीने दुरुस्त झालेल्या आमच्या जुन्या घराबद्दल. घर सिंधुदुर्गात आचऱ्याच्या बाजूला, चिऱ्याचं म्हणजे जांभ्या दगडाचं, मंगलोरी कौलांचं, पणजोबांच्या वेळचं. मधली बरीच वर्षं ते गणपतीत आणि मे महिन्यातच उघडायचं, बाकी वेळ कुलूप. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा पाठच्या पडवीची कौलं उडाली, त्यावर निळी ताडपत्री टाकली आणि ती "तात्पुरती" ताडपत्री तशीच राहिली, कारण घर सामायिक, आणि सामायिक घरात खर्चाचा विषय निघाला की सगळ्यांना एकदम मुंबईची गाडी पकडायची असते. मग बाबा रिटायर झाले आणि म्हणाले मी आता गावीच राहणार. झालं. त्यांच्या फंडातून आणि आमच्या दोघा भावंडांकडून मिळून दोन लाख बाजूला काढले आणि दादाने एका कॉन्ट्रॅक्टरकडून कोटेशन आणलं. नऊ लाख! कौलं काढून पत्रा, खळ्यात म्हणजे अंगणात पेव्हर ब्लॉक, भिंतींना पुट्टी मारून प्लास्टिक पेंट, सगळीकडे टाइल्स, दगड रचून केलेलं कुंपण, म्हणजे गडगा, पाडून सिमेंटचं कंपाउंड.

तात्या, तुम्ही ते कोटेशन माझ्याकडून वाचून घेतलंत, चष्मा पुसलात, आणि जे बोललात ते आमच्या घरात आता सगळ्यांना पाठ आहे. "ह्यातला अर्धा काम घराक नको, ता कॉन्ट्रॅक्टराक होया." आयुष्यभर गवंडीकाम केलेला माणूस असं बोलला म्हटल्यावर बाबांनी तो कागद तिथेच घडी करून खिशात टाकला.

खरं सांगू, तुम्ही काय काय केलंत त्यापेक्षा काय काय करू दिलं नाहीत त्याबद्दल हे पत्र आहे. मी रंगाचं शेडकार्ड घेऊन आले होते, मला पुढची भिंत पिवळी करायची होती, तर तुम्ही, "बाय गो, रंगाचा मागसून बघूया. आधी माथो झाक, मगे तोंड रंगव." आणि माथा कसा झाकायचा तर तो पण घाईने नाही. गणपतीत सगळे जमलो होतो, बाहेर पाऊस कोसळत होता, तेव्हा तुम्ही पोरांच्या हातात खडू दिलेत आणि जिथे जिथे टपकतंय तिथे जमिनीवर आणि वर वाशावर खुणा करायला लावल्यात. पोरं खूश, त्यांना वाटलं खेळ आहे. मग मला समजावलंत की जिथे टपकतं त्याच्या बरोबर वर भोक असेलच असं नाही, पाणी वरच्या फुटक्या कौलातून शिरतं, रीपेवरून वाहत खाली येतं आणि भलत्याच ठिकाणी पडतं, म्हणून खुणेपासून वर वर आढ्याच्या दिशेने शोधत जायचं. दिवाळीनंतर माणसं चढली तेव्हा त्यांना नेमकं कुठे हात घालायचा ते माहीत होतं. सगळं छप्पर उसकटायला लागलं नाही, पाठची पडवी आणि पुढची एक पाखी, म्हणजे छपराचा एक उतार, एवढंच.

कौलं निवडायची तुमची पद्धत तर मी व्हिडिओ करून ठेवलीय. एकेक कौल हातात धरून बोटाच्या पेराने टकटक करायची, खणखणीत आवाज आला तर ठेवायचं, बद्द आवाज आला तर आत चीर आहे, बाजूला. शेवाळ काथ्याने घासून काढलं. एका चौरस मीटरला साधारण 15 कौलं लागतात हा हिशोब तुम्ही तोंडी करून किती कमी पडणार ते सांगितलंत आणि नवीन न घेता पलीकडच्या गावात एक घर पाडत होते तिथली जुनी कौलं टेम्पोने आणवलीत, त्यात काही बेसल मिशनच्या शिक्क्याची निघाली. मंगलोरला बेसल मिशन ह्या स्विस मिशनरी संस्थेने कौलांचा कारखाना काढला 1865 मध्ये, म्हणजे ज्या कौलाला आपण नुसतं "मंगलोरी" म्हणतो त्याचा इतिहास पण आमच्या डोक्यावर आहे आता. माकडांचं मात्र तुम्ही पण काही करू शकला नाहीत. ती नाचणार, कौलं फुटणार, म्हणून जास्तीची थोडी मागच्या मांगरात (शेडमध्ये) रचून ठेवायला लावलीत. ह्याच माकडांना कंटाळून लोक पत्रा टाकतात, मी त्यांना नावं ठेवणार नाही, पण मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याखाली बसून बघा आणि जुलैत त्याच्याखाली फोनवर बोलून बघा.

आणि ती काचेची कौलं! माजघर आमचं कायम काळोखं, आजी दिवसा पण बल्ब लावायची. दादाच्या डोक्यात तिथे भिंत फोडून खिडकी होती. तुम्ही फक्त चार कौलं काढून तिथे काचेची बसवलीत आणि काम संपलं. आई आता माजघरात बसून तांदूळ निवडते. ह्या घरात पैशाच्या मानाने सगळ्यात मोठा फरक कशाने पडला असं कोणी विचारलं तर मी हेच सांगते.

भिंतींचं जरा सविस्तर लिहिते कारण मला व्हॉट्सअ‍ॅपवर हेच जास्त विचारतात. मागे कधीतरी चुलत्यांनी ओल येते म्हणून खालच्या दोन-तीन फुटांना सिमेंटचं प्लास्टर मारून घेतलं होतं, तरी ओल येतच होती, उलट रंगाचे पापुद्रे सुटून पडायचे. तुम्ही म्हणालात ओल येते जमिनीतून, चिरा पाणी पितो आणि उन्हात टाकून देतो, त्याच्या तोंडावर सिमेंट थापलं की ते पाणी जाणार कुठे, मग ते भिंतीत वर वर चढतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत, म्हणजे भिंतीला सुकायला वाव ठेवायलाच हवा. ते प्लास्टर फोडून काढलं आणि मग तुम्ही चक्क आम्हाला थांबवलंत, हिवाळा पूर्ण जाऊ दे, भिंत सुकू दे. बाबांची चिडचिड झाली, पाहुणे येऊन विचारायचे घराला काय झालं म्हणून. पण फेब्रुवारीच्या शेवटी हात लावला तर भिंत कोरडी ठणठणीत. मग चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचाच हात, त्यात थोडी नीळ. कळीचा चुना पिंपात भिजवायला घातला तेव्हा तो रटारटा उकळला, पोरांना तुम्ही ओरडून लांब उभं केलंत, डोळ्यात उडाला तर वाईट. टाइल्सच्या जागी खाली कावेचा, म्हणजे लाल मातीच्या रंगाचा, पट्टा ओढलात, तो इतका सरळ आहे की इंजिनियर जावई दोरी लावून बघून गेला. पिवळी भिंत राहिलीच, आणि आता मला ती नकोय.

पैसे कुठे वाचवायचे नाहीत हे पण तुम्हीच सांगितलंत हे लिहायला हवं, नाहीतर लोकांना वाटेल तात्या म्हणजे कंजूष. वायरिंग. जुनी लाकडी पट्टीतली वायर, अर्थिंगचा पत्ता नाही आणि आपल्याकडे त्या मेघगर्जना. "हयसर हात आखडू नको" म्हणालात आणि लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन स्वतः बोलावून आणलात. त्यामुळेच आम्ही दोन लाखांच्या थोडे वर गेलो, पण ते गेलेले पैसे मला अजिबात खुपत नाहीत. दुसरं म्हणजे वाळवी. वासे एकेक टोचून बघितलेत, दोन बदलायला लावलेत, बाकीच्यांना काजूच्या टरफलाचं तेल, आणि हातमोजे घातल्याशिवाय कोणाला डब्याला हात लावू दिला नाहीत कारण ते तेल कातडी जाळतं. पुढचा दरवाजा बदलायचं चाललं होतं तेव्हा तुम्ही पॉलिश पेपरने त्याचा एक कोपरा घासून दाखवलात, ऑइल पेंटच्या थरांखाली पिवळाधमक फणस! आता त्याला जवसाचं तेल लावलंय आणि येणारा प्रत्येक माणूस विचारतो नवीन केलात का.

काकी, आता तुझ्याकडे येते. तात्यांनी खळ्यातले पेव्हर ब्लॉक कापले (दादाला ते अजून हवेत, हे वाचून त्याचा फोन येईलच), पण मोकळ्या खळ्याचं काय करायचं ते तू दाखवलंस. पावसाने धुपलेली जागा खणून, लाल माती टाकून, पाणी मारून चोपून घेतली आणि तुझ्या गोठ्यातल्या शेणाने सारवली. आईला वाटलं होतं आपल्याला आता जमणार नाही, तू तिला हाताला धरून बसवलंस आणि दोघी सासवांच्या कागाळ्या करत करत सारवत गेलात. संध्याकाळी अनवाणी चाललं की कळतं तिथे ब्लॉक का नकोत ते, शिवाय पाणी जमिनीत मुरतं आणि बावीला, म्हणजे विहिरीला, मिळतं. दर वर्षी परत करावं लागतं हे खरंय, ते लपवत नाही.

बागेला आमच्या बजेटमध्ये मी जी रक्कम लिहिली होती ती जवळजवळ तशीच उरली. तू मला पिशवी देऊन वाडीत फिरवलंस, ह्या घरातून जास्वंदीची फांदी, त्या घरातून अबोलीची रोपं, कोणाकडून अनंत, कोणाकडून सोनटक्क्याचा कंद, आणि प्रत्येक ठिकाणी कपभर चहा. न्हाणीचं पाणी जिथे वाहून चिखल व्हायचा तिथे अळू, केळ आणि कर्दळ, आता चिखल पण नाही आणि अळूचं फदफदं फुकट. तुमच्या सुपारीवरच्या मिरीच्या वेलाचे जमिनीलगत धावणारे फुटवे तोडून पाऊस सुरू होताना आमच्या पोफळींच्या मुळाशी लावलेस, ते आता चढायला लागलेत. पातेरो, म्हणजे गळलेला पाला, जाळू दिला नाहीस, सगळा झाडांच्या बुंध्याला. विकत घेतलं ते एवढंच, दोन माड आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून कोकमाचं कलम आणि एक वेंगुर्ला-7 जातीचा काजू. कोकमाचं बी लावलं तर झाड नर निघेल की मादी ते फुलं येईपर्यंत कळत नाही आणि नर निघालं तर फळाची वाट बघत म्हातारं व्हायचं, म्हणून कलमच घे असं तू बजावलंस. माडांमध्ये 25 फूट अंतर ठेवायला लावलंस तेव्हा मला ती जागा फुकट वाटत होती, तिथे आता आईची भाजी आहे.

गडगा राहिलाच. ढासळलेले चिरे आणि दगड तिथेच पडलेले होते, तेच परत रचलेत, सिमेंटशिवाय, म्हणजे डोंगराकडचं पाणी फटींमधून निघून जातं. शेजारच्या वाडीतली सिमेंटची भिंत जुलैत पाण्याच्या दाबाने आडवी झाली तेव्हा बाबा मुद्दाम बघायला गेले होते. चांगलं नाही असं, पण गेले.

ह्या सगळ्यात तात्या तुम्ही स्वतःसाठी एक रुपया घेतला नाहीत. गड्यांची मजुरी मात्र दिवेलागणीच्या आत हातात पडली पाहिजे हा तुमचा नियम, एकदा बाबा "उद्या देतो" म्हणाले तर तुम्ही ओटीवरून उठलाच नाहीत. पाकीट दिलं तर ते काकीकडून परत आलं, वर ओले काजू आणि कोकमाची सोलं. बाबा तुमच्याशी बोलायला ओटीवर बसतात, त्यांना गावात करमेल की नाही ही आमची खरी काळजी होती, ती पण तुम्हीच मिटवलीत. ह्याचे पैसे कोणत्या कोटेशनमध्ये बसवायचे सांगा.

आता मे महिन्याचं. न्हाणीघराचं छप्पर बाकी आहे आणि मागच्या मांगराचा एक वासा वाकलाय. दादा आणि मी दोघं रजा टाकून येतोय. तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल डॉक्टरांनी जे सांगितलंय ते काकीने मला सगळं सांगितलंय, तेव्हा तुम्ही वर चढायचं नाही, खाली खुर्चीत बसून आम्हाला शिव्या घालायच्या. शिडी आमच्याकडेच आहे आणि मी ती मुद्दाम परत पाठवलेली नाहीये.

तुमचीच,
बाय