चादरीचं पान

प्रिय सुध्या,

तुझं पत्र पोचलं. 'हल्ली तू गोष्टी वाचत नाहीस, पेशंट तपासतोस' हे वाक्य झोंबलं. खरं होतं म्हणूनच झोंबलं. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड हाती लागल्यापासून मी दिसेल त्या पात्राला गंड, म्हणजे मनात दडलेली गाठ, चिकटवत सुटलो होतो.

मग काफ्काची 'मेटामॉर्फोसिस' ही गोष्ट पुन्हा काढली, १९१५ साली छापलेली. पूर्वी मी तिचा निकाल दोन शब्दांत लावला होता : बापाचा धाक. पुराव्याला काफ्कानं १९१९ मध्ये वडिलांना लिहिलेलं, पण त्यांच्या हाती कधीच न पडलेलं ते लांबलचक पत्र होतंच. एवढं तयार उत्तर खिशात असल्यावर गोष्ट नीट वाचतो कोण?

या वेळी निदान बाजूला ठेवलं. गोष्टीचा नायक ग्रेगोर कशाचा विचार करतो आणि कशाचा टाळतो, एवढंच बघत गेलो. माणूस सकाळी उठतो तो किडा होऊन. 'मला झालंय काय' असं एकदा मनाशी म्हणतो आणि लगेच नोकरीच्या कटकटींवर घसरतो. पहाटे पाचची गाडी चुकली, आता साहेब काय म्हणेल! मानसशास्त्रात याला विस्थापन म्हणतात. सोसवत नाही त्यावरचं मन सोसवेल अशा गोष्टीवर सरकवायचं. हा शब्द ठाऊक नसता तर ते पान मी नुसतं हसून उलटलं असतं. (विनोदी आहेच ते.)

आणि ती चादर. बहिणीला आपलं ध्यान दिसू नये म्हणून तो पाठीवरून चादर कोचाशी नेतो आणि आपण पुरते झाकले जाऊ अशी पसरतो. या कामाला त्याला चार तास लागतात. इथं माझा बापाचा गंड काहीच कामाचा नाही, बाप खोलीतही नाही. आपल्या असण्याचा घरच्यांना त्रास होतो, हे ज्यानं मुकाट्यानं मान्य केलंय, त्याचे ते चार तास.

१९२८ मध्ये रशियन कादंबरीकार दस्तयेवस्कीवर लिहिताना खुद्द फ्रॉइडनं कबूल केलंय, की कलावंताच्या प्रतिभेपुढे मनोविश्लेषणाला शस्त्रं खाली ठेवावी लागतात. पुढे त्याच लेखात दस्तयेवस्कीच्या मनात बापाच्या मरणाची इच्छा दडली होती, अशी पितृहत्येची मांडणी केलीच म्हणा. खोड जाते थोडीच!

खरं सांगू? चादरीशी थांबलो तेव्हा मला फ्रॉइड नाही, तू आठवलास. पाय मोडून पडला होतास तेव्हा तहान लागली तरी कुणाला हाक मारायचा नाहीस. मी त्याला तुझा हट्टीपणा समजत होतो.

पुस्तक सोबत पाठवतोय. समासातल्या माझ्या जुन्या खुणा वाचू नकोस. चादरीचं पान दुमडलेलं आहे.

तुझा,
विन्या